सेंट्रल लॉकमध्ये नवे काय, हे गॅरेजलाही विचारा: पेटंट महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
महानियंत्रक, पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई.

विषय: वाहनांचे रिमोट लॉक, अलार्म आणि इमोबिलायझर (चोराला गाडी सुरू करू न देणारी जोडणी) यांच्या पेटंट अर्जांत ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’ (जाणकारालाही सहज न सुचणारे नवे पाऊल) कशी तपासावी याबाबत

महोदय,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गाड्यांना सेंट्रल लॉक बसवणारे, चाव्या आणि रिमोट जोडून देणारे, ट्रॅक्टरचे वायरिंग करणारे आणि आयटीआय-पॉलिटेक्निकात वाहनांचे इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे असे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. पेटंटला आमचा विरोध नाही. ज्याने डोके चालवून काही घडवले, त्याला वीस वर्षांचा हक्क मिळालाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की रिमोट लॉकच्या अर्जातली गोष्ट ‘त्या कामातल्या जाणकाराला उघड’ होती की नव्हती हे ठरवताना तो जाणकार कोण, प्रायॉरिटी तारखेला (नवेपणा ज्या तारखेला तपासतात, बहुधा पहिल्या अर्जाच्या, त्या तारखेला) त्याला काय ठाऊक होते आणि कोणती अडचण सोडवायला तो निघाला होता, या तीन गोष्टी तपासणी अहवालात स्पष्ट लिहिल्या जाव्यात. त्या लिहिल्या नाहीत तर पुढचा सगळा वाद हवेत चालतो, आणि पेटंट मोडल्याची नोटीस शेवटी अजिंठा चौफुलीवरच्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर येऊन पडते.

कायद्यात खोट नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम २(१)(जेए) सांगते, की शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवे किंवा दोन्ही हवे, आणि शिवाय तो जाणकाराला उघड नसावा. यातला ‘आणि शिवाय’ वाचताना फार वेळा गळतो. स्वस्त पडते, विकले जाते, शेतकऱ्याला उपयोगी आहे, एवढ्याने इन्व्हेन्टिव्ह स्टेप सिद्ध होत नाही. कलम ३(एफ) तर आणखी सरळ आहे: ओळखीची उपकरणे शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोधच नव्हे.

आता या क्षेत्रातला नेहमीच्या घडणीचा क्लेम, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क सांगतो ते वाक्य, घ्या. नमुना आमचा, कुणा एकाचा नाही: ‘वाहनाच्या दरवाज्यांना जोडलेले अ‍ॅक्च्युएटर, मायक्रोकंट्रोलर, मोबाइलशी बोलणारे ब्लूटूथ मॉड्यूल, स्टार्टरच्या मार्गातला रिले, जीपीएस आणि जीएसएम मॉड्यूल; अनधिकृत प्रयत्न होताच मालकाला संदेश जातो.’ वाचायला भारदस्त वाटते. टेबलावर सुटे करून पाहिले तर काय उरते?

बाजारातल्या सेंट्रल लॉकच्या साध्या संचात एक कंट्रोल बॉक्स, चार गन (दाराचे कुलूप ओढणारे मोटरचे अ‍ॅक्च्युएटर), दोन रिमोट, सायरन, एलईडी आणि धक्का ओळखणारा सेन्सर असतो. चालकाच्या दाराची गन पाच वायरची, कारण हाताने खटका दाबला की तिने बॉक्सला कळवायचे असते. बाकीच्या तीन दोन वायरच्या. बॉक्समधले दोन रिले (विजेने चालणारे स्विच) गनला १२ व्होल्ट एकदा सुलट, एकदा उलट देतात, तेही साधारण अर्धा सेकंद. पल्स लांबली तर गनची मोटर तापते, आणि सळई वाकडी बसली असेल तर जळतेच. काही जुन्या गाड्यांत कुलपे हवेच्या पंपावर चालतात, त्यांना साडेतीन सेकंद लागतात. म्हणून अनेक बॉक्सवर ०.५ आणि ३.५ सेकंदांतून निवड करण्याचा जंपर (छोटी जोडपट्टी) असतो. रिमोटने उघडून तीस सेकंदांत दार उघडले नाही तर कुलूप आपोआप परत लागते, ही सोयही संचासोबतच्या पत्रकात वर्षानुवर्षे छापलेली आहे. सेल्फची (स्टार्टरची) वायर तोडून तिच्यात रिलेची ३० आणि ८७ए ही टोके (एरवी जोडलेली, रिले ओढला की सुटणारी) घालायची, म्हणजे अलार्म चालू असताना गाडी सुरू होत नाही. हे आमच्याकडचा पोऱ्या पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. चालत्या गाडीचे इग्निशन तोडायचे नाही, हेही तेव्हाच शिकतो.

तेव्हा वरच्या क्लेममध्ये रिमोटच्या जागी ब्लूटूथ आणि सायरनच्या जागी एसएमएस आला, एवढाच फरक. जीपीएस जागा सांगतो, जीएसएम संदेश पाठवतो, रिले सेल्फ तोडतो. एकाचा दुसऱ्यावर काही नवा परिणाम होतो का? होत नसेल तर ३(एफ) तिथेच लागू व्हायला हवे.

उलट, याच जोडणीत एक खरी अडचण आहे आणि अशा क्लेममध्ये तिचा मागमूस नसतो. कपाशी, केळीची कामे आटोपली की ट्रॅक्टर महिना-महिना शेडमध्ये उभा राहतो. हे सगळे मॉड्यूल मिळून ८० मिलिअँपिअर खेचत असतील तर दिवसाला १.९२ अँपिअर-तास गेले. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर एकोणचाळीस दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. त्यात एसआयएम८००एल सारखे जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढते. बॅटरी उतरलेली असेल किंवा वायर बारीक असेल तर नेमके चोरीच्या वेळी मॉड्यूल रिसेट होते आणि संदेश जातच नाही. मॉड्यूल झोपवून ठरावीक वेळाने जागे करणे उघड आहे, ते डेटाशीटमध्येच (चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात) दिलेले असते. पण उतरत्या बॅटरीवरही संदेश जाईल आणि ट्रॅक्टरही सुरू होईल अशी काही वेगळी तऱ्हा कुणी मांडली, तर तिच्याकडे परीक्षकाने थांबून पाहावे. क्लेम कोणत्या अडचणीशी झुंजतो हे विचारले, की खरे आणि पोकळ अर्ज बऱ्यापैकी वेगळे होतात.

दुसरी गोष्ट तारखेची. १९८२ साली रेनॉ फुएगो या गाडीत हातातल्या इन्फ्रारेड ट्रान्समीटरने कुलूप उघडू लागले, तेव्हा ती कल्पना नवी होती. पुढे रेडिओ आला. पीटी२२६२, एचटी१२ई असल्या रिमोटचा कोड तयार करणाऱ्या चिपा आल्या. एचटी१२ई मध्ये पत्त्याचे आठ बिट, म्हणजे सगळे मिळून २५६ कोड. कोड ठरलेला असल्यामुळे एकदा पकडला की पुन्हा वाजवता येतो. या अडचणीवर रोलिंग कोड, म्हणजे दर दाबाला बदलणारा कोड, आला. दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेकने १९८० च्या दशकात घडवलेले कीलॉक तंत्र १९९५ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतले, आणि त्यावरची एचसीएस३०१ ही चिप रिमोटांत सर्वत्र पसरली. ती प्रत्येक दाबाला ६६ बिट पाठवते. त्यातले ३२ दर वेळी बदलणारे, गुप्त किल्लीने गुंफलेले, आणि ३४ साधे.

इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण उघड आणि अनुघड यांतली रेघ या उदाहरणात नीट दिसते. दाबांची मोजणी ठेवणे ठाऊक होते, गुप्तलेखन ठाऊक होते. दोन्ही एकत्र करा, हे सुचणे फार अवघड नव्हते असे कुणी म्हणू शकेल. पण हा रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. मुलाने घरात बसून वीस वेळा बटण दाबले तर रिमोटची मोजणी पुढे जाते, गाडीला त्याचा पत्ताच नसतो. मग दोघांचा मेळ परत कसा घालायचा, तोही जुना कोड पुन्हा वाजवणाऱ्याला वाट न देता? उत्तर होते खिडक्यांचे. मोजणी सोळापर्यंत पुढे असेल तर लगेच उघडा. त्यापलीकडे ३२,७६८ च्या आत असेल तर लागोपाठचे दोन कोड आल्यावरच उघडा. मागे असेल तर दुर्लक्ष करा. गिऱ्हाईक ‘पहिल्या दाबाला उघडत नाही, दुसऱ्याला उघडते’ म्हणून रिमोट बदलायला येते, तेव्हा अनेकदा बिघाड नसतोच, ही दुसरी खिडकी काम करत असते. आमच्या मते ही मांडणी त्या काळी शोधच होती. आज मात्र कुणी ती खिडकी सोळाऐवजी चोवीसची करून अर्ज केला, तर तो आकड्याचा फेरफार आहे.

हीच कसोटी नव्या अर्जांना लावा. चावी खिशात ठेवूनच दार उघडणाऱ्या गाड्यांत गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते आणि चावी वरच्या वारंवारतेवर उत्तर देते. दोन माणसांनी मध्ये सिग्नल पुढे सरकवला तर घरातली चावी दारातल्या गाडीला उत्तर देते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवले आणि प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘चावी स्थिर असेल तर तिने उत्तर देऊ नये, म्हणून तिच्यात हालचालीचा सेन्सर घाला’ असा क्लेम आला तर? हालचाल थांबली की उपकरण झोपवायचे, हे बॅटरी वाचवण्यासाठी आधीच रूढ होते. अडचण जाहीर झालेली, भाग बाजारात, परिणाम अपेक्षित. आमचे मत उघड असल्याच्या बाजूने पडते. मात्र अर्जाची प्रायॉरिटी २०११ च्या आधीची असेल तर हेच उत्तर घाईने देता येणार नाही. त्या तारखेला ही अडचण जाणकारांच्या डोळ्यांसमोर होती का, हे आधी शोधावे लागेल.

२०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने सिग्नल अडवून रोलिंग कोड साठवून ठेवण्याचे छोटे यंत्र दाखवले. त्यावर ‘कोड वेळेशी बांधा, म्हणजे साठवलेला कोड शिळा होईल’ हा उपाय कुणालाही सुचेल. बँकांच्या टोकनात तो आधीपासून होता. पण चावीतले घड्याळ कुणी सांभाळायचे? घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांवर नेमका चालतो आणि तिथून तापमान जितके दूर जाईल, त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मागे पडतो, सुमारे ०.०३४ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) दर वर्ग-अंशाला. मे महिन्यात भुसावळात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली चावी ६५ अंशांना गेली, तर तो ५४ पीपीएम मागे, म्हणजे दिवसाला साडेचार सेकंदांहून जास्त. एकतर्फी रिमोटमध्ये ही सरक कशी भरून काढायची, याचे उत्तर देणारा क्लेम आणि नुसता ‘वेळेवर आधारित कोड’ म्हणणारा क्लेम यांना एकाच पारड्यात घालू नये.

आमच्याच बाजूच्या लोकांनाही इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘हे तर आधीपासून होतेच’ हे गॅरेजमधले आवडते वाक्य आहे आणि पेटंटच्या वादात ते बहुधा निरुपयोगी असते. उत्तर पाहिल्यावर सगळेच सोपे दिसते. गिअरची गाडी रिमोटने सुरू करण्याचे घ्या. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर सेल्फ लागताच ती उडी मारते, समोरचा माणूस चिरडू शकतो. म्हणून क्रम असा ठेवतात: इंजिन चालू असताना हँडब्रेक ओढायचा, रिमोटचे बटण दाबून चावी काढायची, इंजिन चालूच राहते, उतरून दार लावायचे, मग रिमोटने कुलूप लावताच इंजिन बंद होते. क्लच सोडलेला असताना इंजिन चालू होते, याचा अर्थ गिअर न्यूट्रलमध्ये आहे. मध्ये कुणी दार उघडले तर तयारी रद्द. हँडब्रेकचा स्विच, दाराचा स्विच, रिले, सगळे जुने. पण त्यांच्या क्रमातून न्यूट्रलची खात्री निघते, जी कोणताही एक स्विच देत नव्हता. ‘यात काय, स्विचच तर आहेत’ म्हणून असा क्लेम उडवणे चूक. हा क्रम आता बसवणीच्या पत्रकांत आहे, म्हणून आजच्या अर्जाला तो मिळणार नाही, हा भाग वेगळा.

न्यायालयांनी वाट आखून दिलेली आहे. भांडी कातकामाला धरण्याच्या पद्धतीवरून उत्तर प्रदेशात लढलेल्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले, की निव्वळ कारखान्यातली सुधारणा पेटंटला पुरत नाही. आणि कसोटी म्हणून डोळ्यांसमोर ठेवला तो त्या वेळचे सामान्य ज्ञान असलेला, पेटंटातला उपाय न पाहिलेला कुशल कारागीर. रोश विरुद्ध सिप्ला या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये पायऱ्या घालून दिल्या: जाणकार ठरवा, शोधाचा गाभा ओळखा, प्रायॉरिटी तारखेचे सामान्य ज्ञान त्याच्या डोक्यात घाला, फरक मोजा, आणि मागाहूनचे शहाणपण बाजूला ठेवून फरक उघड आहे का ते सांगा. अमेरिकेतला केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा २००७ चा निकाल तर वाहनाच्या पेडलचाच आहे. पुढे-मागे सरकणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडायचा होता. सेन्सर हलत्या भागावर बसवला की वायर घासून तुटते हे आधीच ठाऊक होते. म्हणून तो न हलणाऱ्या खिळीवर बसवला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उघड ठरवले. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेल्या वायरी रोज जोडणाऱ्या कुणालाही या तर्कात वावगे वाटणार नाही. परदेशी निकाल तुमच्यावर बंधनकारक नाही हे आम्ही जाणतो. विचाराची रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

जाणकार कोण, यावरच खरी ओढाताण होते. अर्जदार त्याला पत्रकातले वाचून तेवढेच करणारा दाखवतो, विरोधक त्याला सर्वज्ञ दाखवतो. या क्षेत्रात तो एक माणूस नसून त्रिकूट आहे असे आम्ही सुचवतो: गाडीचे वायरिंग जाणणारा ऑटो इलेक्ट्रिशियन, मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिणारा, आणि क्लेम कोडच्या सुरक्षेचा असेल तर गुप्तलेखन जाणणारा. दार-गन-रिलेच्या क्लेमला पहिले दोघे पुरेत. तिसऱ्याला कधी बोलावले हे अहवालात लिहा, म्हणजे दोन्ही बाजूंना नेमके कशावर बोलायचे ते कळेल. कोणते दोन कागद एकत्र वाचले आणि का, हेही लिहा. पाच कागदांतून एकेक तुकडा उचलून क्लेम शिवला असेल तर ते बहुधा मागाहूनचे शहाणपण असते.

आता पुराव्याचे. कलम २५(१)(ई) नुसार उघडपणा ठरवताना छापील साहित्याबरोबर ‘भारतात काय वापरात होते’ तेही पाहायचे असते. हा वापर आमच्या दुकानांत झालेला असतो, पेटंटांच्या डेटाबेसमध्ये तो सापडत नाही. म्हणून संचासोबतची बसवणीची पत्रके, चिपांची डेटाशीट, महिना-वर्ष छापलेली खोकी आणि जुनी बिले यांना परीक्षकांनी दुय्यम समजू नये. आमच्याकडूनही शिस्त हवी. ‘सेंट्रल लॉक सेट, नग १’ एवढेच लिहिलेले बिल काहीच सिद्ध करत नाही. मॉडेल क्रमांक, तारीख आणि त्याच मॉडेलचे पत्रक यांची साखळी जुळली पाहिजे, आणि क्लेम १ चा एकेक घटक पत्रकातल्या कोणत्या ओळीशी जुळतो याचा तक्ता सोबत हवा. दुकानदारांनी दर शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये बी६०आर २५, ई०५बी ७७ ते ८५ आणि जी०७सी ९ हे पेटंटांचे वर्ग चाळावेत. प्रसिद्धीनंतर सहा महिने पेटंट दिले जात नाही; निदान तेवढ्या काळात, आणि पुढेही मंजुरी होईपर्यंत, नमुना ७ए वर हरकत दाखल करता येते. मंजुरीनंतर वर्षभरात २५(२) खाली हितसंबंधी व्यक्तीलाच वाव आहे, आणि ते वर्ष गेले की कलम ६४ खाली उच्च न्यायालय. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून मधला टप्पा राहिलेला नाही. रावेरच्या चावीवाल्याला तो खर्च झेपणारा नाही.

म्हणूनच २०२४ च्या नियमांनी हरकतीवर लावलेली फी आम्हाला बोचते. खोडसाळ हरकतींना आळा घालायचा होता हे मान्य. पण त्याच दुरुस्तीत हरकत टिकते का हे आधी तपासण्याचा अधिकार तुम्हाला मिळाला आहे. चाळणी असताना व्यक्तीकडून ४,००० रुपये कशाला? ती फी ठेवायचीच असेल तर हरकत टिकाऊ ठरल्यावर परत द्यावी.

भाषेचीही अडचण आहे. पेटंट नियमांतल्या नियम ९ प्रमाणे कागद हिंदी किंवा इंग्रजीत लागतात. आमची बिले, नोंदवह्या मराठीत आहेत. मराठी मूळ कागद आणि सोबत दुकानदाराने स्वतः साक्षांकित केलेले साधे हिंदी भाषांतर मुंबई कार्यालयाने स्वीकारावे, प्रत्येक बिलामागे भाषांतरकाराचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र मागू नये.

संगणकाशी संबंधित शोध, औषधे, जैवतंत्रज्ञान आणि पारंपरिक ज्ञान यांसाठी आपल्या कार्यालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तशीच वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढावीत, आणि मसुदा जाहीर करताना जळगाव किंवा धुळ्यात एक बैठक ठेवावी. पाच वायरची गन, दोन वायरची गन, ठरलेल्या कोडचा रिमोट आणि रोलिंग कोडचा रिमोट असे चालते संच आम्ही टेबलावर मांडून देऊ. परीक्षकांनी स्वतः हाताळावेत, सुटे करून पाहावेत.

आपले,
खान्देशातील ऑटो इलेक्ट्रिशियन, चावी-रिमोट कारागीर आणि वाहन-इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक